दोन 'बिन' कशासाठी?

मंडळी, मागच्या वेळी आपण वर्गीकरणाबद्दल बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, लिनक्समधल्या डिरेक्टरींचं. तिथे सगळ्यांच्या मुळाशी 'रूट', बाकी सारं तिच्या पोटात. पण प्रोग्राम मात्र वर्षानुवर्षं दोन ठिकाणी: एक रूटमधलं 'बिन', दुसरं 'यूएसआर'मधलं 'बिन'. (हे 'बिन' बायनरीतलं, जुन्या दस्तऐवजांतलं 'अमुक बिन तमुक' नव्हे!)

पुस्तकं सांगत, यंत्र सुरू करायला आणि बिघडल्यास दुरुस्त करायला लागणारे प्रोग्राम पहिल्यात, रोजचे दुसऱ्यात. तर्कशास्त्राच्या तासाला आम्हीही प्रयोजनानुसार विभागणीचा नमुना म्हणून हेच उदाहरण देत असू. चुकत होतो.

1971च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-11वर युनिक्स घडवत होते. तेव्हाच्या डिस्का इवल्याशा. 'यूएसआर' दुसऱ्या डिस्कवर होतं, आणि नावाप्रमाणे तिथे यूजर लोकांच्या, म्हणजे माणसांच्या फायली असत. पहिली डिस्क भरली, तसे प्रोग्राम माणसांच्या घरात राहायला गेले. सगळेच मात्र जाऊ शकले नाहीत. दुसरी डिस्क जोडणारी 'माउंट' ही आज्ञा त्याच डिस्कवर ठेवली, तर पेटीची किल्ली पेटीतच! म्हणून निकडीचे तेवढे मागे राहिले. म्हणजे आधी जागेची टंचाई, मग नियम.

पुढे डिस्का मोठ्या झाल्या, टंचाई संपली, नियम राहिला. 1994 साली लिनक्सच्या डिरेक्टरींचं पहिलं लेखी मानक निघालं, त्यातही तो होता. कारण आणि समर्थन यांत आपण गल्लत करतो ती अशी. अर्थात समर्थन अगदीच पोकळ नव्हतं. 1980च्या दशकात कित्येक ठिकाणी 'यूएसआर' नेटवर्कवरून अनेक यंत्रांना मिळून वापरायला देत. तिथे पहिलं 'बिन' खरोखरच कामी येई.

अखेर 2012 साली फेडोराने दोन्ही एकत्र केली. डेबियनमध्ये वाद बरीच वर्षं चालला. 2023च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून तिथेही एकत्र 'यूएसआर' सक्तीचं झालं. पण जुनं 'बिन' पुसता आलं नाही. असंख्य स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत '/बिन/एसएच' हाच पत्ता लिहिलेला! म्हणून नाव ठेवलं, आत प्रोग्राम एकही नाही. घरी डेबियन असेल तर रूटमधली यादी सविस्तर काढून पाहा: 'बिन'पुढे एक बाण दिसेल, 'यूएसआर'कडे बोट दाखवणारा.