टाकी, कोरणी, कटर: अक्षर कोरणाऱ्या टोकाची कुळकथा

अकोला-वाशीम लोहमार्गावरच्या बार्शीटाकळीत काळंका देवीचे जुने देऊळ आहे. काळ्या दगडाचे, हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे. तिथे शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६-७७ मधला संस्कृत शिलालेख आहे. वऱ्हाडातल्या कुठल्याही बाजारपेठेत लग्नसराईत भांड्यांच्या दुकानात उभे राहिले, की दुकानदार विचारतो, "नाव टाकाचं हाय काय, काकू?" आणि हातातल्या विजेच्या यंत्राचे टोक डब्याच्या झाकणावर टेकवतो. गुर्र आवाज होतो, 'चि. सौ. कां.' उमटते, खाली तारीख. त्या शिलालेखातले अक्षर आणि हे अक्षर यांत साडेआठशे वर्षांचे अंतर आहे, पण हत्यारांचे कूळ एकच. दोन्ही ठोकून अक्षर काढतात. नेमप्लेट कोरणाऱ्या यंत्रात गरगर फिरणारे कटर मात्र दुसऱ्या घराण्यातले, कापणाऱ्या. कोणत्या कामाला कोणते टोक घ्यावे, हा वर्कशॉपातला रोजचा प्रश्न या दोन घराण्यांची ओळख झाली की निम्मा सुटतो.

आधी थोरली पाती, ठोकणारी. आपला काळा दगड, बेसॉल्ट, कापला जात नाही, तो फुटतो. म्हणून टाकीचे टोक बारीक ठेवून भागत नाही. पाठीमागे भरपूर लोखंड, पुढे जाडसर धार, आणि वरून हातोडीचा घाव. प्रत्येक घावाला एक कपची उडते, आणि अशा शेकडो कपच्या उडाल्यावर एक अक्षर होते. खरी कारागिरी घावाइतकीच पाणी देण्यात असते. लोहार टाकी लाल तापवतो, फक्त टोक पाण्यात बुडवतो, लगेच बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो आणि पाहत बसतो. मागच्या तापलेल्या भागातली उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते, तसे चकाकत्या धातूवर रंग चढतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग टोकाशी पोचला की अख्खी टाकी पाण्यात. पिवळ्याच्या आधीच बुडवली तर टोक काचेसारखे तडकते. निळ्यापर्यंत जाऊ दिली तर ते दगडावर बसून बोथट होते. घरोघरच्या जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावत वऱ्हाडभर फिरणाऱ्या टाकणकारांची रोजीरोटी याच टोकावर होती.

तांब्यापाशी आल्यावर गोष्ट बदलते. याच टापूत, अकोला जिल्ह्यातल्या सांगळूदला राष्ट्रकूट नन्नराजाचा शके ६१५ चा ताम्रपट मिळाला. त्याहून जुना वाकाटक विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमला, १९३९ साली उजेडात आला. तांबे फुटत नाही, सरकते. छिन्नीचा घाव बसला की धातू दोन्ही बाजूंना उचलला जातो आणि अक्षराच्या कडेला धारदार बांध उभा राहतो. कारखान्यात त्याला 'बर' म्हणतात. पत्रा पातळ असेल तर घाव पाठीमागेही उठतो आणि मागच्या बाजूचा मजकूर वाचणे अवघड होते. म्हणून बऱ्याच ताम्रपटांचे पत्रे जाड घेत आणि अक्षरे घासली जाऊ नयेत म्हणून कडा ठोकून उंच करत. वाकाटकांच्या ताम्रपटांत अक्षरांच्या डोक्यावर छोट्या चौकोनी पेट्या असतात. असला चौकोन सरळ धारेच्या छिन्नीला चार घावांत जमतो. तोच गोल काढायचा तर तिची दमछाक होते.

तांब्यावर ठोकण्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे कोरणी. चौरस किंवा शंकरपाळ्याच्या छेदाची पोलादी सळई, पुढचे तोंड तिरके घासलेले, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. ती ठोकायची नाही, ढकलायची. पेन्सिलीला टोक करताना साल निघते तशी तांब्याची गुंडाळी पुढे निघत जाते आणि मागे स्वच्छ चर उरतो. इथे धातू बाजूला सरत नाही, बाहेर पडतो. कापणाऱ्या घराण्याचा जन्म इथला.

मराठी छपाईच्या पहाटे हेच हत्यार होते. नाना फडणविसांनी पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून घ्यायला सुरुवात केली होती. पेशवाईच्या धामधुमीत ते राहून गेले. कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली तिथे देवनागरी गीता छापून निघाली. छापायचे म्हणजे प्रत्येक अक्षर उलटे, आरशातले, कोरायचे. पुढे सुटे खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, आले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथल्या देखण्या अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. खिळ्याचा मूळ ठसा पोलादावर कोरतात. पोलादाने पोलाद कोरायचे कसे? तर कोरायचा तुकडा तापवून सावकाश गार होऊ देतात, म्हणजे तो मऊ पडतो. अक्षर पुरे झाले की त्यालाच पाणी देऊन कठीण करतात. मग तो तांब्यावर ठोकला की मातृका, म्हणजे खिळा ओतायचा साचा, तयार. हत्यार मालापेक्षा कठीण हवे, हा नियम ठसे कोरणाऱ्याने मालच मऊ करून पाळला.

यंत्र आले ते हाताची थरथर काढायला. ख्रिस्टोफ शायनर या जर्मन पाद्र्याने १६०३ च्या सुमारास चार पट्ट्यांचा पॅन्टोग्राफ बनवला आणि १६३१ मध्ये त्यावर पुस्तक छापले. एका टोकाने मोठे अक्षर गिरवायचे, दुसऱ्या टोकाशी तेच लहान उमटते. प्रमाण चारास एक ठेवले तर हाताची चूकही चौथाईवर येते. १८८५ मध्ये लिन बॉइड बेंटन याने अमेरिकेत याच तत्त्वावर ठसे कोरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रांत कोरणी ढकलत नाहीत, स्पिंडलमध्ये धरून फिरवतात. फिरवण्यासाठी तिची घडण बदलली: गोल सळई लांबीत जवळजवळ निम्मी घासून सपाट करायची, राहिलेल्या अर्धगोलाला शंकूसारखे टोक काढायचे, धारेमागचा भाग थोडा उतरता घासायचा म्हणजे तो मालाला घासत नाही, आणि सुईसारखे अणकुचीदार टोक अगदी किंचित चपटे करायचे. हेच सिंगल लिप कटर. धार एकच, म्हणून दुकानातल्या ग्राइंडरवर ती परत लावता येते, आणि कीस बाहेर पडायला अर्धी जागा मोकळी राहते.

निवडताना पहिला प्रश्न कोनाचा. शंकूचा कोन ६० अंश असेल आणि टोक ०.१ मिलिमीटर जास्त खोल गेले, तर रेघ सुमारे ०.१२ मिलिमीटरने रुंदावते. कोन ९० अंश असेल तर तेवढ्यातच ०.२ मिलिमीटरने. रोमन लिपीत हा फरक अक्षराअक्षरात विखुरतो आणि खपून जातो. देवनागरीत शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावते. पट्टी जराशी तिरकी बसली की एकीकडे रेघ जाड, दुसरीकडे बारीक, आणि लांबून कुणालाही दिसते. शिवाय 'घ', 'ध', 'भ' यांच्या गाठी आणि 'क्ष'ची पोटे रुंद कोनाच्या कटरने बुजून जातात. म्हणून बारीक मराठी मजकुराला अरुंद कोन आणि नीट सपाट बसवलेली पट्टी. रुंद कोन मोठ्या अक्षरांना आणि कठीण धातूला, कारण त्याच्या टोकाला पाठबळ जास्त असते.

दुसरा प्रश्न वेगाचा. टोकाची रुंदी पाव मिलिमीटर असेल, तर मिनिटाला २०,००० फेरे देऊनही धार मिनिटाला जेमतेम १६ मीटर कापते. पितळेला याहून कितीतरी जास्त वेग सोसतो. म्हणून बारीक टोकाला फेरे वाढवण्याची भीती नको. स्टीलवर मात्र फेरे उतरवावेत, तेल सोडावे आणि टोक एका जागी घासू देऊ नये. स्टेनलेस स्टील रगडल्यावर आणखी कठीण होते, आणि पुढचा फेरा त्या कठीण थरावरच जातो.

तिसरा प्रश्न टोकाच्या धातूचा. साधे कार्बन पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांचे हाय स्पीड स्टील लाल तापूनही कापत राहिले, तेव्हा बघे चकित झाले. १९२३ मध्ये कार्ल श्रोटर याने टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधली. क्रुप कंपनीने ती 'विडिया' नावाने विकली आणि आपल्याकडचे टर्नर कार्बाइडला अजून विडियाच म्हणतात. हाय स्पीड स्टीलला धार तीक्ष्ण येते आणि ते धक्का सोसते, म्हणून जुन्या हलत्या यंत्राला आणि पितळेला तेच बरे. कार्बाइड लवकर झिजत नाही पण मोडते. त्याला घट्ट स्पिंडल हवा. स्टीलला आणि फायबर मिसळलेल्या चिवट पत्र्यांना ते घ्यावे. पितळेसाठी धारेचे तोंड सरळच ठेवावे. पुढे झुकवले तर कटर मालात खेचले जाते. ॲल्युमिनियम धारेला चिकटते, त्यावर रॉकेलचे दोन थेंब. ॲक्रिलिकला बोथट धार चालतच नाही: ते कापण्याऐवजी वितळते आणि कीस चरातच परत जमतो.

मग भांडेवाला कटर का वापरत नाही? डब्याचे झाकण गोलसर, पत्रा पातळ, माल स्टेनलेस. फिरते कटर घसरेल किंवा पत्रा दबेल. थरथरणारे कार्बाइडचे टोक सेकंदाला असंख्य बारीक घाव घालते, वाकड्या पृष्ठभागामागून हाताने फिरते, आणि धातू काढत नसल्यामुळे पत्रा पातळ होत नाही. पूर्वी कासार पितळी घागरीवर छिन्नीने ठिपक्यांत नाव घालत, त्याचेच हे विजेवरचे रूप. आता लेसर आला आहे. त्याची उथळ खूण देखणी असते, पण वर्षानुवर्षे घासणी खाणाऱ्या पातेल्यावर घावाने किंवा कापून काढलेले अक्षरच टिकते.

नवे यंत्र घेणाऱ्याला ६० अंशाचे एक हाय स्पीड स्टीलचे कटर, स्टीलसाठी ९० अंशाचे एक कार्बाइडचे आणि काचेसारख्या चकचकीत पत्र्यावर नुसती रेघ ओढण्यासाठी एक हिऱ्याचे टोक, एवढ्यावर बरीच वर्षे धंदा करता येतो. प्रत्येक नव्या मालाचा आधी रद्दी तुकडा घ्यावा आणि त्यावर लांबलचक शिरोरेघ ओढून पाहावी. ती दोन्ही टोकांना सारख्या जाडीची आली, आणि बोट फिरवल्यावर बर लागली नाही, तरच गिऱ्हाइकाच्या पत्र्याला हात लावावा. कोरलेले अक्षर खोडता येत नाही.