डाव कुणाचा?

बाजारहत्नूरला माझ्या भाचीची मुलगी सुटीत येते तेव्हा तिच्यासोबत एक जाड वही असते. त्या वहीत बुद्धिबळाचे डाव उतरवलेले. या खेपेला नागपूरच्या दिव्या देशमुखचे होते. २०२५ च्या जुलैत बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून ती महिला विश्वचषक जिंकली, तेव्हाचे. लिहिता लिहिता पोरीनं विचारलं, "आजी, तिला न विचारता मी तिच्या चाली घेते, हे अदत्तादान होतं का गं?"

न दिलेलं घेऊ नये हे आपणच पोरींना शिकवतो. मग उत्तरही नीट द्यायला हवं.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात साहित्य, नाटक, संगीत, चित्रशिल्प, सिनेमा, ध्वनिमुद्रण एवढ्यांना संरक्षण. डाव त्यात बसत नाही. पुढे कलावंतांचे हक्क त्यात आले, तर त्या यादीत डोंबारी आहे, जादूगार आहे, गारुडीसुद्धा आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्याचं नाव मात्र नाही! मला याचं हसू आलं, पण कारण पटण्यासारखं आहे. डाव एकट्यानं रचता येत नाही. समोरचा आपल्याला पाडायलाच बसलेला असतो. मग तो अर्धा तिचा आणि अर्धा हंपीचा म्हणायचा का? खेळून झाल्यावर उरते ती घडलेल्या गोष्टीची नोंद. गावात काल पाऊस पडला, हे कुणाच्या मालकीचं नसतं, तसंच.

बुद्धिबळाचं कोडं वेगळं. ते एकाच डोक्यातून निघतं. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांनी संस्कृतातल्या अशा कूटस्थितींचं इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापलं. तिथे रचनाकाराचा हक्क सांगायला जागा आहे.

२०१६ साली न्यूयॉर्कला कार्लसन आणि कार्याकिन यांचा जगज्जेतेपदाचा सामना होता. भरवणाऱ्या कंपनीनं कोर्टात सांगितलं, आमच्या सामन्याच्या चाली दुसऱ्यांनी त्याच वेळी दाखवू नयेत. न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला नाही. चित्रण तुमचं, चाली तुमच्या नाहीत, असा त्याचा मथितार्थ. गंमत म्हणजे खेळाडू ज्या कागदावर चाली लिहितो, तो कागद जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे आयोजकाचा. कागद त्यांचा, पण त्यावरचा घोडा कुठे गेला हे सगळ्यांचं!

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात असाच भेद केला. न्यायालयाचा मूळ निकाल कुणीही छापावा. संपादकानं कष्टानं लिहिलेलं सार आणि टिपा मात्र उचलू नयेत. डावालाही हे लावून बघा. चाली मोकळ्या, पण "इथे उंट का दिला" हे ज्यानं समजावून लिहिलं, ते लिखाण त्याचं.

तरी माझ्या मनात एक खटकतंच. स्टाइनिट्झ पहिला जगज्जेता, १९०० साली गरिबीत गेला. त्याच्या डावांची पुस्तकं जगभर निघाली, अजून निघतात. हे काही न्यायाचं वाटत नाही. पण चालींना कुलूप घातलं तर ते आधी आपल्या पोरींच्या तोंडावर लागेल. खाडिलकर भगिनी आठवा. वासंती १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला विजेती. मागून जयश्री, रोहिणी. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं! शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बायकांना अडवता येणार नाही. पाटावर बसायलाच एवढी भांडणं, त्यात चाली शिकायलाही पैसे मोजायचे असते तर?

आपल्याकडे अत्तिमब्बे होऊन गेली, दहाव्या शतकात. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिनं स्वखर्चानं करवून घेतल्या आणि वाटल्या. ताडपत्रावर, हातानं लिहून, बरं का. त्या नकलेला आपण चोरी म्हणत नाही, शास्त्रदान म्हणतो. आणि पोन्नाचं नाव त्यात पुसलं गेलं नाही.

पोरीला मी एवढंच सांगितलं की चाली घे, कुणाच्या टिपा घेतल्यास तर त्याचं नाव लिही. तिनं पान उलटून वर दोन नावं घातली, पांढरी कुणाची, काळी कुणाची. मग म्हणाली, "रोहिणी खाडिलकर १९८१ ला हैदराबादला आशियाई विजेती झाली ना? ते डाव कुठे मिळतील?"

आता ते शोधणं चालू आहे.