शॅम्पेनच्या बाटलीवरील दोन अक्षरे

काही वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये नोकरी करणारा माझा पुतण्या सुटीवर घरी आला, तेव्हा त्याने बरोबर शॅम्पेनची एक बाटली आणली होती. मी स्वतः मद्य घेत नाही. त्यामुळे आतील पेयाच्या चवीविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. परंतु छापील कागद हाती आला की आधी त्यावरचा बारीक मजकूर वाचायचा, ही सवय सरकारी नोकरीने लावली आहे. बाटलीवरच्या कागदाच्या कडेला, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक ठशात, रोमन लिपीतली दोन अक्षरे होती : आर. एम. आणि पुढे एक क्रमांक. विचारले तर तो म्हणाला, ‘‘काका, यातच तर खरी गोष्ट आहे. ही कुठल्या मोठ्या पेढीची बाटली नाही. ज्याने द्राक्षे पिकवली, त्यानेच ही घडवली.’’ त्या दोन अक्षरांमागे शेतकऱ्यांचा केवढा मोठा झगडा उभा आहे, हे पुढे वाचनातून कळत गेले.

शॅम्पेन हे मुळात एका प्रदेशाचे नाव. फ्रान्सच्या ईशान्येस, रँस आणि एपर्ने या नगरांच्या परिसरात, खडूसारख्या पांढऱ्या मातीच्या टेकड्यांवर हा द्राक्षपट्टा पसरलेला आहे. हवा इतकी थंड, की द्राक्ष जेमतेम पिकते आणि त्याची आंबट धार जात नाही. पूर्वी हिवाळ्यात रसाचे आंबणे अर्धवट थांबे आणि वसंतात पुन्हा सुरू होई. त्यातून बुडबुडे येत. ओव्हिलेरच्या मठात 1668 पासून कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या दों पेरिन्यों या साधूने फेसाळ मद्याचा शोध लावला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. वस्तुतः त्या काळी फेस हा दोष समजला जाई, आणि तो टाळण्याचाच त्याचा प्रयत्न होता. साखर घालून मद्य फेसाळते करण्याच्या युक्तीची नोंद तर 1662 मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने केलेली आढळते.

या मद्याची कृतीच अशी आहे, की तिने शेतकऱ्याला बाजूला सारले. तयार झालेल्या मद्यात पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली घट्ट बंद करायची. आत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होऊन वायू कोंडतो. त्याचा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक असतो. जुन्या काळी तळघरात बाटल्या फुटून मोठे नुकसान होई. मग महिनोन्महिने थांबायचे, गाळ बाटलीच्या मानेशी आणायचा, तो काढून टाकायचा आणि पुन्हा बूच मारायचे. आजच्या नियमानुसारही साधी शॅम्पेन किमान 15 महिने मुरवावी लागते. यासाठी जाड काचेच्या बाटल्या, तळघरे आणि दीर्घकाळ अडकवून ठेवण्याजोगा पैसा हवा. द्राक्षे तोडल्या दिवशीच ज्याला पैसे हवेत, त्या शेतकऱ्याला हे परवडणारे नव्हते. 1728 मध्ये राजाज्ञेने बाटल्यांतून मद्य नेण्यास मुभा दिली आणि पुढच्याच वर्षी रुइनार ही पेढी निघाली. एकोणिसाव्या शतकात क्लिकोबाईंसारख्या कर्तबगार विधवेने रशियापर्यंत व्यापार नेला. नाव झाले ते पेढ्यांचे. जमीन मात्र बहुतांशी लहान शेतकऱ्यांचीच राहिली. पेढी त्यांची द्राक्षे विकत घेई, गावोगावचा रस एकत्र करी आणि त्यावर आपली मोहोर उठवी.

द्राक्ष हे नाशवंत पीक. तोडल्यावर ते दोन दिवसही थांबत नाही. म्हणून भाव ठरवताना घेणाऱ्याचे पारडे नेहमी जड. 1890 मध्ये फायलॉक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड या भागात शिरली. पुढे एकामागून एक हंगाम वाईट गेले. 1910 मध्ये गारपीट आणि बुरशीने जवळजवळ सगळे पीक हातचे गेले. त्याच काळात काही व्यापारी दूरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षे व रस आगगाडीने आणून शॅम्पेन म्हणून विकत होते. आपल्या गावाचे नाव आणि परक्या गावाचा रस, हे शेतकऱ्याला सहन होणे शक्य नव्हते. जानेवारी 1911 मध्ये दामरी, ओव्हिलेर आदी गावांत लोकांनी अशा व्यापाऱ्यांच्या कोठारांवर चाल केली. मद्य मार्न नदीत ओतले गेले.

सरकारने यावर उपाय म्हणून 1908 मध्येच हद्द आखली होती; तिच्याबाहेरच्या मद्याला शॅम्पेन म्हणता येणार नव्हते. परंतु या रेषेने दक्षिणेकडील ओब जिल्ह्यातले शेतकरी बाहेर पडले. जे पिढ्यान्‌पिढ्या पेढ्यांना द्राक्षे पुरवत आले, ज्यांचे त्रवा शहर ही शॅम्पेन प्रांताची जुनी राजधानी, ते एका आदेशाने परके ठरले. एप्रिल 1911 मध्ये त्रवा येथे प्रचंड मोर्चा निघाला. संसदेचे वरिष्ठ सभागृह हद्द रद्द करण्याकडे झुकताच आता मार्नचे शेतकरी भडकले. 12 एप्रिल रोजी आय या गावात पेढ्यांच्या इमारती जळाल्या. सैन्य आले. जूनमध्ये ओबला ‘दुसरा विभाग’ असा उणा दर्जा देऊन तडजोड झाली. पूर्ण मान मिळण्यास 1927 चा कायदा यावा लागला. सीमाभागात आयुष्य गेलेल्या वाचकाला, नकाशावरील रेषेचे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. हद्द आखताना माणसे पाहता येतात, याचेही उदाहरण आपल्याजवळ आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून.

1911 च्या उद्रेकातून गावांची प्रतवारी पुढे आली. प्रत्येक गावाला शेकडेवारी ठरली. उत्तम गावाला शंभर टक्के, म्हणजे तेथील द्राक्षांना पूर्ण भाव, इतरांना त्या प्रमाणात कमी. ठरावीक भावाची ही पद्धत 1990 पर्यंत चालली. 1941 मध्ये जर्मन ताब्यातील फ्रान्समध्ये शेतकऱ्यांचे मोरिस द्वायार आणि पेढ्यांचे रोबेर-झाँ द व्होग्वे यांच्या पुढाकाराने दोन्ही पक्षांची संयुक्त समिती स्थापन झाली. ती आजही काम करते. तिच्यात शेतकरी आणि पेढ्या यांचे प्रतिनिधी बरोबरीने बसतात. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण मागणी करणारा तोवर दाराबाहेर उभा असे.

तथापि भाव मिळणे वेगळे आणि नाव मिळणे वेगळे. दोन महायुद्धांमधील मंदीत द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा काही शेतकऱ्यांनी नाइलाजाने स्वतःच मद्य करण्यास आरंभ केला. दिझी गावच्या शिके बंधूंनी तर 1919 मध्येच ते धाडस केले होते. पुष्कळांनी सहकारी संस्था काढून दाबयंत्रे आणि तळघरे सामाईक केली. बाटलीवरची अक्षरे हाच भेद सांगतात : एन. एम. म्हणजे पेढी, सी. एम. म्हणजे सहकारी संस्था आणि आर. एम. म्हणजे स्वतःच्या द्राक्षांपासून स्वतः मद्य करणारा शेतकरी. त्याला बाहेरून फार तर पाच टक्के द्राक्षे घेता येतात.

बरीच वर्षे हे मद्य घरगुती गिऱ्हाइकांपुरते राहिले. ते चित्र बदलण्यात आव्हीझ गावच्या आन्सेल्म सेलोस यांचा वाटा मोठा. बर्गंडीत शिकून आलेल्या या शेतकरीपुत्राने उत्पादन कमी केले, मातीची निगा राखली आणि आपल्या टेकडीची चव बाटलीत उतरावी असा आग्रह धरला. 1994 मध्ये ‘गो ए मियो’ या फ्रेंच मार्गदर्शिकेने त्यांना देशातील सर्वोत्कृष्ट मद्यकार ठरवले. मग अमेरिकेत आणि इतरत्र रसिकांना लहान शेतकऱ्यांच्या शॅम्पेनचा ‘शोध’ लागला.

या शोधाचे कौतुक करताना भान सुटू नये. लहान म्हणजे उत्तमच असे नाही. दरवर्षी तीच चव राखणे हे पेढ्यांचे कौशल्यही थोर आहे. आज सुमारे 34,000 हेक्टरांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन शेतकऱ्यांकडे आहे, पण विक्रीचा मोठा हिस्सा अजून पेढ्यांचाच. जमिनीचा भाव हेक्टरी दहा लाख युरोंच्या घरात गेल्याने वारसांमध्ये वाटणी करताना मळे विकण्याची पाळी येते, आणि अलीकडे स्वतःची बाटली भरणाऱ्या शेतकऱ्यांचा वाटा घटतो आहे.

नोकरीत असताना सहकार खात्याच्या कामानिमित्त मी साखर कारखान्यांच्या काट्यावर अनेकदा उभा राहिलो आहे. एकदा एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले होते, ‘‘साहेब, गव्हाणीत पडल्यावर माझा ऊस कुठला हे कुणाला कळतं का हो?’’ मी उतारा, वजन, पावती यांचे नियम सांगितले. तो मान डोलावून निघून गेला. त्याचा प्रश्न भावाचा नव्हता, हे मला त्या दिवशी उमगले नाही.

पुतण्याची ती रिकामी बाटली माझ्या टेबलावर आहे. पाहुणे तिच्यावरचे गावाचे नाव वाचतात. मी त्यांना भिंग देऊन ती दोन अक्षरे दाखवतो.