वाघोबाचें रान आणि वसईचीं माणसें

वसई म्हटली कीं १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय, फिरंग्यांचा किल्ला, केळीच्या व पानवेलींच्या वाड्या आणि पलीकडचा समुद्र एवढेंच चित्र बहुधा डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या तालुक्यास दुसरीहि एक बाजू आहे. लोहमार्ग ओलांडून पूर्वेस निघालें कीं थोड्याच अंतरावर तुंगारेश्वराचा डोंगर लागतो. त्या डोंगराचा इतिहास बखरींत सांपडत नाहीं. तो वारली, मल्हार कोळी, कातकरी यांच्या पाड्यांवर आणि त्यांच्या शेजारीं नांदणाऱ्या वाघाच्या वाटांवर शोधावा लागतो.

या पाड्यांवर वाघ आणि बिबळ्या या दोहोंसहि 'वाघ' हें एकच नांव पुरतें, आणि त्याचा देव तो वाघोबा. रानाच्या तोंडाशीं, झाडाखालीं, दगडावर किंवा लांकडी फळीवर कोरलेला वाघ, त्यावर चंद्रसूर्य आणि अंगभर शेंदूर, असें हें दैवत असतें. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारशीस, त्यास नारळ फोडून, कोंबडें देऊन वर्षभराचें गाऱ्हाणें घालावयाचें: गुरांस सांभाळ, माणसांस सांभाळ. मुंबई उपनगर, ठाणें आणि पालघर या टापूंतील अशा सुमारें १५० ठाण्यांचा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून ही पूजा केवळ जुनी आठवण नसून चालती रीत आहे हें स्पष्ट होतें. हिला भोळी श्रद्धा म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. वस्तुतः तो एक करार आहे. माणसानें मान द्यावा, वाघानें मर्यादा पाळावी. वाघानें गाय मारली तर कोठें आपलेंच चुकलें असा प्रश्न आधीं स्वतःस विचारावयाचा. भय या करारानें नाहींसें झालें नाहीं, परंतु भयाचें वैर झालें नाहीं.

इंग्रजी अमलांत या करारांत तिसरा पक्ष शिरला. नव्या सरकारच्या दृष्टीनें वाघ हा शेतसाऱ्याचा शत्रु होता. म्हणून त्याच्या कातड्यावर बक्षीस लागलें. १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत हिंदुस्थानांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबळे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठीं मारले गेले असा इतिहासकारांचा हिशेब आहे. लांडगा हा दख्खनच्या माळावरचा प्राणी. कोंकणच्या दाट रानांत बक्षिसाचा मार बसला तो वाघ-बिबळ्यांवर. साहेबलोक मचाणावर बसत, खालीं हेला बांधला जाई, आणि रान उठविण्यासाठीं हांका घालावयास पाड्यावरचींच माणसें लागत. शिकार साहेबाची, धोका हांकाऱ्याचा, अशी ती वांटणी होती.

त्याच सुमारास रानहि गेलें. १८७८ च्या जंगल कायद्यानें ठाणें जिल्ह्यांतील डोंगर सरकारी राखणींत आले. भाताच्या रोपासाठीं झाडांचा टहाळ तोडून राब भाजणें हा येथील शेतीचा प्राणच. त्यावरच बंधनें आलीं. ओरड इतकी झाली कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें आणि त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. १८७८ च्याच हत्यारांच्या कायद्यानें बंदूक परवान्याशिवाय बाळगणें गुन्हा ठरला. एकंदरींत रान सरकारचें, बंदूक साहेबाची आणि मेलेली गाय मात्र पाड्यावरच्या माणसाची, अशी स्थिति झाली. रानाच्या राखणीबद्दल या भागांत जो अविश्वास पुढें टिकून राहिला त्याचें मूळ येथें आहे.

पट्टेरी वाघ हळूहळू संपला. शेजारच्या साष्टी बेटांत विहार तलावाजवळ १९२९ सालीं वाघ मारला गेला. तो त्या बेटांतील अखेरचा समजतात. बिबळ्या मात्र चतुर. तो कुत्रीं, शेळ्या, डुकरें यांवर गुजराण करून माणसाच्या कडेकडेनें राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद झाली आणि २००३ सालीं तुंगारेश्वराचें सुमारें ८५ चौरस किलोमीटर रान अभयारण्य ठरलें. उलट बाजूनें नगर वाढत होतें. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती.

या दोन वाढींची गांठ कोठें पडते हें मार्च २०२४ मध्यें दिसलें. खुद्द वसईच्या किल्ल्यांत बिबळ्या आढळला. तीन आठवड्यांहून अधिक काळ तो पिंजऱ्यास हुलकावणी देत राहिला आणि एप्रिलमध्यें सांपडला. तोंवर किल्ल्यांत फिरणारे आणि जवळच्या वस्तीचे कोळी यांनीं रात्री दारें लावून काढल्या. त्याला पकडा आणि दूर सोडा, अशी मागणी होणें स्वाभाविकच होतें.

परंतु 'दूर सोडा' म्हणजे कोठें? या प्रश्नाचें उत्तर जुन्नरनें फार महाग देऊन मिळविलें आहे. तेथें उंसांतले बिबळे धरून दूरच्या रानांत सोडण्यांत आले. पुढें संशोधकांनीं हिशेब मांडला तेव्हां १९९३ ते २००१ या काळांत वर्षास सरासरी चार माणसांवर हल्ले होत, ते २००१ ते २००३ या काळांत सतरावर गेल्याचें आढळलें. जनावर आपलें घर सोडून परक्या मुलुखांत भांबावतें, आणि ज्या गांवाजवळ तें सोडलें त्या गांवास कोणीं विचारलेलें नसतें.

अमेरिकेंतहि हाच वाद लांडग्यावरून झाला. यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानांत १९९५-९६ मध्यें कॅनडांतून ३१ लांडगे आणून सोडले, तेव्हां गुराख्यांनीं वासरांचें आणि शिकाऱ्यांनीं हरणांचें गाऱ्हाणें मांडलें. कोलोरॅडो संस्थानांत २०२० सालीं मतदान होऊन थोडक्या मताधिक्यानें लांडगा आणण्याचें ठरलें. मतें बव्हंशीं शहरांनीं दिलीं. २०२३ च्या डिसेंबरांत लांडगे सुटले ते डोंगरापलीकडच्या गुराख्यांच्या मुलुखांत.

महाराष्ट्रांतहि जनावर मुद्दाम आणून सोडण्याचा काळ आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्यें ताडोब्याची एक वाघीण सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत चांदोलीस आणली गेली. सह्याद्रींत पुन्हा वाघांचा वंश वाढावा हा हेतु थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु हेतु थोर असला म्हणजे भार हलका होत नाहीं. गाय मेली तर तिचें प्रेत न हलवितां वनखात्यास कळवावें, पंचनामा व्हावा, मग भरपाईची वाट पाहावी. आणि त्या दिवसांत घरांत दूध नाहीं हें कोणत्याहि पंचनाम्यांत लिहिलें जात नाहीं. म्हणून पाड्यावरचा माणूस वाघास भितो म्हणून रागावलेला आहे असें समजणें चूक आहे. वाघाशीं त्याचा करार पिढ्यांचा आहे. त्याची तक्रार आहे ती, तो करार त्याला न विचारतां दुसऱ्यांनीं बदलला याबद्दल.

वाघबारशीच्या गाऱ्हाण्यांत दोन्ही पक्ष समोरासमोर असतात. सरकारी आज्ञापत्रांत एक पक्ष बोलतो आणि दुसरा भोगतो. सह्याद्रीचें रान पुन्हा भरावयाचें असेल तर पिंजरा, गाडी आणि पशुवैद्य यांची सिद्धता जितकी हवी, तितकीच आधीं पाड्यावर जाऊन बसण्याची हवी. वाघोबाच्या शेंदरी दगडापुढें बसून वारली हेंच करीत आला आहे.