सान मार्कोसची पेटी

आपल्या घरातल्या देव्हाऱ्याला उद्या कोणी ‘कलाकृती’ म्हणून पारितोषिक दिले, तर आपल्याला आनंद होईल की थोडे अवघडल्यासारखे वाटेल? वाचकहो, हा प्रश्न काल्पनिक नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात एका लाकडी पेटीवरून तो १९७५ साली खरोखरच उभा राहिला आणि वर्तमानपत्रांतून बरेच दिवस गाजला.

ही पेटी आयाकुचोची. अँडीज पर्वतातले हे गाव स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात वसवले. त्याचे जुने नाव उआमांगा. आयाकुचो हे नाव १८२५ साली मिळाले. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी प्रवासात नेता येतील अशा दोन दारांच्या छोट्या वेदी बरोबर आणल्या होत्या. इथल्या कारागिरांनी त्या उचलल्या आणि पुढे आपल्या गरजेप्रमाणे बदलल्या. त्यातून ‘सान मार्कोसची पेटी’ झाली. दारांवर रंगीत फुले. आत दोन मजले. वरच्या मजल्यावर गुरांचे राखणदार संत, म्हणजे बैलांचा मार्कोस, मेंढरांचा योहान, खेचरांचा अंतोनियो. खाली माणसांचा संसार: गुराखी, वाजंत्री, आणि झाडाला बांधून फटके खाणारा गुरेचोर. त्याची बायको मळ्याच्या मालकापुढे गयावया करते आहे. मूर्ती उकडलेला बटाटा आणि जिप्समची भुकटी मळून केलेल्या लगद्याच्या.

ही पेटी शोभेची नव्हती. ऑगस्टच्या सुमारास गुरांना खुणा करण्याचा सण येई, तेव्हा ती उघडून मांडायची. पुढे कोकाची पाने ठेवायची, मक्याची दारू शिंपडायची. नाव संतांचे, पण मागणे पर्वतदेव वामानीकडेही पोचत असे, कारण गुरांचा खरा धनी तोच. कादंबरीकार आणि लोकजीवनाचे अभ्यासक होसे मारिया आर्गेदास यांनी या मिश्र श्रद्धेबद्दल मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले आहे. खेचरवाले व्यापारी या पेट्या डोंगरातल्या वस्त्यांवर नेऊन विकत. मोटाररस्ते आले, खेचरांचे तांडे थांबले, आणि पेटीचे गिऱ्हाईकही गेले.

होआकीन लोपेझ अंताय (१८९७–१९८१) हे काम आजीकडून शिकले होते. १९४०च्या दशकात लिमाच्या चित्रकर्ती अलिसिया बुस्तामान्ते त्यांच्याकडे आल्या. सण, बाजार, कोंबड्यांची झुंज, टोप्या करणाऱ्याचे दुकान असे नवे विषय घ्या, असे त्यांनी सुचवले. पेटीला ‘रेताब्लो’ हे नावही त्याच सुमारास चिकटले. हा शब्द मुळात चर्चच्या वेदीमागच्या भव्य नक्षीपटाचा. माझ्या मते बुस्तामान्तेबाईंनी कारागिराची चूल पेटती ठेवली, हे आधी मान्य करावे. पण पेटी आता शहरातल्या दिवाणखान्यात गेली आणि तिच्यापुढे कोका ठेवणारे कोणी उरले नाही, हेही खरे.

मग १९७५ सालचे कलेसाठीचे राष्ट्रीय संस्कृती पारितोषिक या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कारागिराला जाहीर झाले. चित्रकार-शिल्पकारांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. ही हस्तकला, हिला ललित कलेच्या पंक्तीला कसे बसवायचे, असा त्यांचा सवाल. यात कलेची चिंता किती आणि पंक्तीत कोण बसते याची किती, हे आपणच ओळखावे. पंक्तिभेद आपल्याला काही नवा नाही.

वाद पुरता विझण्याआधीच, १९८०च्या मे महिन्यात, आयाकुचोच्याच चुस्ची गावात ‘शायनिंग पाथ’चे सशस्त्र बंड सुरू झाले. बंडखोर आणि सैन्य यांच्यामध्ये केचुआ बोलणारी खेडी भरडली गेली. सत्यशोधन आयोगाने २००३ साली मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ६९,००० बळींचा अंदाज दिला; त्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक आयाकुचो प्रांतातले. एदिलबेर्तो हिमेनेझ हे तिथलेच कारागीर, शिक्षणाने मानवशास्त्रज्ञ; वडील फ्लोरेन्तिनो याच धंद्यातले. एदिलबेर्तो यांनी त्या हत्या पेटीत मांडल्या. पुढे चुंगी भागात हिंडून लोकांच्या तोंडून ऐकलेले त्यांनी चित्रांतही उतरवले.

त्या पेट्यांना तशीच दोन दारे आहेत. दारांवर तशीच फुले. बांधलेला माणूस आणि हात जोडणारी बाई घडवायला मात्र त्या हातांना नव्याने शिकावे लागले नाही. जुन्या पेटीच्या खालच्या मजल्यावर ती दोघे पहिल्यापासून होतीच.