पॉवर हाऊसचा फलाट

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्गला पोचते. तिथून पुढे काही मिनिटांतच भिलाईची स्थानकं लागतात. आधी भिलाई नगर आणि मग भिलाई पॉवर हाऊस. खिडकीतून धुरांडी दिसतात, रुळांशेजारी लोखंडाने भरलेल्या मालगाड्या उभ्या असतात आणि प्रवासी एकमेकांना सांगतात, ‘हा स्टीलचा कारखाना.’ पॉवर हाऊसच्या फलाटावर 1 जुलै 1992 रोजी काय घडलं, हे मात्र डब्यात क्वचितच कोणी सांगतं.

भिलाईचा इतिहास दोन तऱ्हेच्या तारखांनी लिहिला गेला आहे. काही तारखा सरकारी कोनशिलांवर आहेत, काही कामगारांच्या झेंड्याखाली जपलेल्या आहेत. पाठ्यपुस्तकांत पहिल्या येतात. दुसऱ्या वगळल्या तर या गावाची निम्मी हकिकत नाहीशी होते.

पहिली सरकारी तारीख 2 फेब्रुवारी 1955. त्या दिवशी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात नसते. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि मुख्यमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल. कारखाना छत्तीसगढात यावा म्हणून त्यांनी दिल्लीत आपलं सगळं वजन खर्च केलं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ एकीकडे गेला आणि छत्तीसगढ भोपाळच्या कारभाराखाली आलं. नागपूरच्या सचिवालयात ज्याच्या फायली फिरल्या, तो कारखाना उभा राहिला तेव्हा दुसऱ्या राज्यात होता.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सुरुवातीची क्षमता वर्षाला 10 लाख टन. सोव्हिएत तंत्रज्ञ कुटुंबांसह इथे राहिले. आखीव रस्ते, क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरं, शाळा, मोठं रुग्णालय असं नवंकोरं नगर वसलं. पुढे भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून मैत्रीबाग हे प्राणिसंग्रहालयही झालं. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, बिहार आणि विदर्भ, सगळीकडून माणसं आली. भारतीय रेल्वेचे रूळ भिलाईत बनू लागले. ज्या पिढीने हे नगर उभं केलं तिला त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता. कायमची नोकरी, क्वार्टर, मुलांना शाळा, आजारपणात औषध हे सगळं त्या काळच्या भारतात थोड्यांच्याच वाट्याला आलं होतं.

पण भट्टीला लागणारं लोहखनिज यायचं दक्षिणेकडच्या दल्ली-राजहराच्या खाणींतून. तिथे घण-सब्बल घेऊन दगड फोडणारे आणि तो मालमोटारीत भरणारे हजारो हात ठेकेदाराकडचे होते. बहुतेक आसपासच्या गावांतले छत्तीसगढी शेतकरी आणि आदिवासी, त्यांत बायकाही भरपूर. एकाच खनिजावर राबणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला कंपनीचा पगार आणि घर, तर दुसऱ्याला ठेकेदार देईल ती मजुरी आणि स्वतः बांधलेली झोपडी. भिलाईचं पुढचं सगळं राजकारण या फरकातून निघालं.

शंकर गुहा नियोगी यांचा प्रवेश इथे होतो. 1943 साली जन्मलेले हे बंगाली गृहस्थ 1960च्या दशकात भिलाईत आले आणि कोक ओव्हन विभागात कामाला लागले. कामगारांची संघटना बांधू लागले आणि नोकरी गेली. मग वर्षानुवर्षं छत्तीसगढच्या गावांतून भटकत, मिळेल ते काम करत ते इथल्या लोकांचेच झाले. आशा या खाणकामगार स्त्रीशी त्यांनी लग्न केलं. आणीबाणीत तुरुंगवास भोगला. 1977च्या वसंतात दल्ली-राजहराच्या ठेका कामगारांनी प्रस्थापित संघटनांकडे पाठ फिरवली आणि आपणहून नियोगींना बोलावून आणलं. छत्तीसगढ माईन्स श्रमिक संघ जन्माला आला तो असा.

त्यांच्या मागण्या आज वाचताना डोळ्यांत भरतो तो त्यांचा साधेपणा. कामगार हजर आहे, पण मालमोटार आली नाही म्हणून काम नाही, तर त्या दिवसाची काही मजुरी द्या. पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीचे शंभर रुपये द्या. एवढ्यावरून 2 जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना उचललं, संतापलेल्या कामगारांनी पोलिसांना घेरलं आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारांत 11 जण मेले. मृतांत अनसूयाबाई ही खाणकामगार स्त्रीही होती. आणीबाणी उठून जेमतेम तीन महिने होत होते आणि दिल्लीत लोकशाही परत आल्याचा आनंद चालू होता.

या संघटनेने पुढे जे केलं ते भारतीय कामगार चळवळीत विरळा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. मजुरी वाढली तसा तो पैसा दारूच्या गुत्त्याकडे जातो हे दिसल्यावर संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. ती चालवण्यात बायका पुढे होत्या. कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. 3 जून 1983 रोजी, गोळीबाराच्या बरोबर सहा वर्षांनी, शहीद हॉस्पिटल सुरू झालं. ते कामगारांनी वर्गणी काढून आणि श्रमदान करून बांधलं. डॉ. बिनायक सेन आणि त्यांच्यासारखे तरुण डॉक्टर तिथे कामाला आले. कंपनीने खाणींत यंत्रं आणायचं ठरवलं तेव्हा संघटना नुसतं ‘नको’ म्हणून थांबली नाही. माणसांचं काम टिकेल असा अर्ध्या यांत्रिकीकरणाचा पर्यायी आराखडा तिने मांडला. ‘संघर्ष और निर्माण’ हे तिचं घोषवाक्य भिंतींवर दिसायचं आणि हॉस्पिटलच्या ओपीडीतही त्याचा अर्थ कळायचा.

याच काळात संघटनेने वीर नारायणसिंहांना शोधून काढलं. सोनाखानचे हे जमीनदार. 1856च्या दुष्काळात त्यांनी व्यापाऱ्याचं कोठार फोडून उपाशी लोकांना धान्य वाटलं आणि डिसेंबर 1857 मध्ये इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिलं. लोकांच्या सांगण्यातून त्यांची आठवण शिल्लक होती, सार्वजनिक जीवनात मात्र नव्हती. खाणकामगारांनी त्यांचा स्मृतिदिन मोठ्या मेळाव्याने पाळायला सुरुवात केली. 1982 साली छत्तीसगढ मुक्ती मोर्चा स्थापन झाला आणि लाल-हिरव्या झेंड्याखाली कामगार आणि शेतकरी एकत्र आले. आज नव्या रायपूरमधलं आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान वीर नारायणसिंहांच्या नावाचं आहे. मजुरांनी जागवलेली स्मृती सरकारने उचलली, हे चांगलंच झालं. ती आधी कोणी जागवली, हेही त्या मैदानात बसणाऱ्यांना ठाऊक असावं.

1985 साली मोर्चाचे जनकलाल ठाकूर डौंडी-लोहाऱ्यातून विधानसभेवर निवडून आले. खाणीतल्या संघटनेचा माणूस भोपाळच्या सभागृहात बसला.

यानंतर 1990 साली नियोगी भिलाईच्या खासगी औद्योगिक वसाहतीत उतरले. पोलाद कारखान्याच्या आधाराने तिथे अभियांत्रिकी, तारा, मद्यार्क असे अनेक कारखाने वाढले होते. कामगार वर्षानुवर्षं काम करत होते, पण कागदावर ठेकेदाराचे. मागण्या पुन्हा तशाच साध्या होत्या: कायम करा, जगण्याइतकं वेतन द्या, संघटना करू द्या. कामगारांना कामावरून काढण्यात आलं, मारहाणी झाल्या. 1991च्या सुरुवातीला जुन्या खटल्यांवरून नियोगींना दोन महिने तुरुंगात ठेवलं गेलं. सप्टेंबरमध्ये ते कामगारांना घेऊन दिल्लीला गेले, राष्ट्रपती आर. व्यंकटरमण यांना भेटले, निवेदन दिलं. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. 28 सप्टेंबर 1991च्या पहाटे, भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात झोपलेले असताना, खिडकीतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या वर्षाच्या 24 जुलैला मनमोहन सिंग यांनी नव्या आर्थिक धोरणाचा अर्थसंकल्प मांडला होता. डिसेंबर संपता संपता सोव्हिएत संघ नकाशावरून गेला. ज्या देशाच्या मदतीने भिलाई उभी राहिली तो देश आणि ज्या विचारावर ती उभी राहिली तो विचार, दोन्ही एकाच वर्षात मागे पडले. नियोगींचा खून या उलथापालथीच्या मधोमध झाला. या काळाच्या इतिहासात शेअर बाजार आणि परकीय गंगाजळी यांना पानंच्या पानं मिळतात. भिलाईतल्या त्या खिडकीलाही त्यात जागा असायला हवी.

पंतप्रधान नरसिंह राव यांच्या त्या लोकसभेत दुर्गचे खासदार होते चंदूलाल चंद्राकर, ‘हिंदुस्तान’ या हिंदी दैनिकाचे एकेकाळचे संपादक. या भागात पत्रकारिता आणि राजकारण यांचं नातं त्याहूनही जुनं आहे आणि त्याची सुरुवात एका मराठी माणसाने केली. माधवराव सप्रे यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. ते तीन वर्षं चाललं. पुढे त्यांनी नागपूरहून टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती चालवली, 1908 मध्ये राजद्रोहाखाली अटक भोगली आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. मागास म्हणून दुर्लक्षिलेल्या मुलखाची बातमी शिकलेल्या जगापर्यंत पोचवणं हे काम सप्र्यांनी या घटनांच्या नव्वद वर्षं आधीच हाती घेतलं होतं. 1992 च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय वृत्तपत्रांची पहिली पानं मात्र रोखे घोटाळा आणि अयोध्या यांनी भरलेली होती.

तो उन्हाळा सरल्यावर, 1 जुलैला, कामावरून काढलेले खासगी कारखान्यांतले कामगार बायकामुलांसह पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसले. रूळ बनवणाऱ्या गावातलं हे रेल रोको. राज्यात सुंदरलाल पटवांचं सरकार होतं. दिवसभर गाड्या थांबल्या, बोलणी निष्फळ ठरली, लाठीमार, अश्रुधूर, दगडफेक झाली आणि संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. सोळा-सतरा कामगार मारले गेले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही जीव गेला. स्वतंत्र भारतात कामगारांवर झालेल्या मोठ्या गोळीबारांत याची गणना होते.

नियोगींच्या खुनाचा खटला चौदा वर्षं चालला. सीबीआयने तपास केला. दुर्गच्या सत्र न्यायालयाने 1997 मध्ये पलटन मल्लाहला फाशी आणि उद्योजकांसह इतर पाच जणांना जन्मठेप दिली. 1998 मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या मल्लाहला जन्मठेप दिली आणि बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. त्याने गोळ्या कोणासाठी झाडल्या, या प्रश्नाचं उत्तर कामगारांना न्यायालयाच्या कागदांत मिळालं नाही.

महाराष्ट्राला ही हकिकत परकी वाटू नये. कामगार नेते कृष्णा देसाई 1970 मध्ये मारले गेले, डॉ. दत्ता सामंत 16 जानेवारी 1997 रोजी पवईत. सामंतांचा गिरणी संप 1982 चा, नियोगींचा मोर्चाही त्याच साली उभा राहिलेला. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी मनोरे आले, म्हणून गिरणगावाची आठवण निदान साहित्यात आणि नाटकांत शिल्लक राहिली. भिलाईचा कारखाना अजून धगधगतो आहे, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या सावलीत मेलेल्यांची आठवण दूरच्या लोकांना होत नाही.

एक धागा तर थेट पुण्याला येऊन पोचतो. 1986 च्या सुमारास सुधा भारद्वाज नावाची आयआयटीत शिकलेली तरुणी दल्ली-राजहराला आली, कामगारांच्या मुलांना शिकवू लागली आणि पुढे वकील होऊन भिलाईच्या ठेका कामगारांचे खटले लढू लागली. 28 ऑगस्ट 2018 रोजी पुणे पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक केली. येरवडा आणि भायखळ्याच्या तुरुंगांत तीन वर्षांहून अधिक काळ काढल्यावर डिसेंबर 2021 मध्ये त्या जामिनावर सुटल्या आणि अटींनुसार मुंबईत राहिल्या. भिलाईच्या कामगारांच्या वकिलाला भिलाईला जाण्यासाठी मुंबईच्या न्यायालयाची परवानगी लागू लागली.

शहीद हॉस्पिटल अजून चालू आहे. दरवर्षी 28 सप्टेंबरला नियोगींची आठवण जागवली जाते आणि 1 जुलैला पॉवर हाऊसजवळ लाल-हिरवे झेंडे घेऊन कामगार जमतात. त्यांत त्या दिवशी रुळांवर बसलेल्यांची मुलं आणि नातवंडंही असतात. हावड्याच्या वाटेवर ते स्थानक दिसलं, तर सोबतच्या मुलाला कारखान्याबरोबर या फलाटाचंही सांगा.