डोह, चढण आणि धरण

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पारा इतका उतरतो की बोटींच्या धक्क्यावर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवाचा बर्फ होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हिमकणांचे फोटो झळकतात. साताऱ्याच्या छत्रपती अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवून घेतलेला हा तलाव स्वतः मात्र गोठत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडून गळ सोडतात. कडाक्याची थंडी हाच तिथला हंगाम. सातारा-सांगलीच्या मासेमारीचे पंचांग पावसावर आणि उन्हाळ्यावर चाले. ते उलटेपालटे केले धरणांनी.

कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटतात. पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. धरणे नव्हती तेव्हा दिवाळीनंतर या नद्यांचे पाणी ओसरू लागे. शिमगा उलटेपर्यंत धार बारीक होई आणि मासा डोहांत गोळा होई. नदीकाठच्या भोयांचा हाच सुगीचा काळ. पालखी वाहणे, लोकांना नदीपार नेणे आणि मासे धरणे, हे या समाजाचे तीन पिढीजात धंदे. रस्ते आणि पूल झाले तशी पालखी गेली, नावही मागे पडली, उरले जाळे.

त्यातले फेकजाळे, म्हणजे पाग, टाकणे हे एकट्याचे काम. जाळ्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. दोरी मनगटाला बांधायची, जाळ्याचा एक पदर खांद्यावर घ्यायचा, उरलेला दोन्ही हातांत वाटून घ्यायचा आणि कमरेतून वळत सोडायचा. घेर पूर्ण उघडून पाण्यावर सपाट पडला तरच उपयोग. दुमडून पडला, तर शिसे एका बाजूने बुडते आणि मासा दुसऱ्या बाजूने निसटतो. खोल डोहात उतरायला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड असे. आज तिची जागा ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबने घेतली आहे.

दुसरा हंगाम मृगाचा. पहिले दांडगे पाऊस झाले की पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतले ओढे गढूळ होऊन धावू लागतात आणि नदीतला मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. हे चढणीचे मासे. ओढ्यातून ते थेट भातखाचरांपर्यंत पोचतात. रात्री बत्ती घेऊन, बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून घरचे सगळेच मासे धरायला निघतात. बोटभर लांबीचा मळ्या तर ओल्या खडकाला चिकटत धबधब्याची भिंतही चढतो.

या माशांची शास्त्रीय नोंद पुण्याकडून सुरू झाली. मुंबई सरकारने १८२४ साली कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. त्यांचा दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत वाचला गेला. पुण्याकडची भीमा ही कृष्णेचीच उपनदी, त्यामुळे तिच्या खोऱ्यातले मासे ते कृष्णेचेही. खडस जातीच्या महसीराला त्यांनी दिलेले ‘खुद्री’ हे नाव शास्त्रात आजही चालते. ‘कोलस’ आणि ‘मुल्या’ ही नावेही टिकून आहेत.

कृष्णेला आधुनिक काळातला पहिला मोठा अडसर घातला तो कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्याने, १८६०च्या दशकात. पण तो ठेंगणा. पुरात पाणी त्याच्यावरून जाई. खरा बदल कोयना धरणाने केला. १०३ मीटर उंचीची भिंत १९६४च्या सुमारास उभी राहिली आणि मागे तापोळा-बामणोलीपर्यंत शिवसागर जलाशय पसरला. मग कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, वारणेवर चांदोली. भिंतीखालच्या माशाला वरची वाट बंद झाली. भिंतीच्या वरच्या अंगाला वाहत्या पाण्याच्या माशाला अथांग साचलेले पाणी मिळाले. खडसाला खळाळ लागतो, दगडगोटे लागतात. जलाशयाच्या तळाशी गाळ.

या नव्या पाण्यात मासा आला तो बाहेरून. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवले आणि मत्स्यबीज हवे तेव्हा तयार होऊ लागले. सरकारने तलाव ठेक्याने द्यायचे, मच्छीमार सहकारी संस्थेने बीज सोडायचे आणि वाढलेला मासा काढायचा, अशी रीत बसली. १९५२ साली देशात आलेल्या तिलापियाला बीज सोडण्याचीही गरज पडली नाही. ‘चिलापी’ या नावाने तो कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात ठाण मांडून बसला.

सांगलीकडच्या भोयाचा उन्हाळाही पूर्वीचा राहिला नाही. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने १९७६ साली कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडायला मुभा दिली. पूर्वेकडे येणारे पाणी शेतीच्या आवर्तनांनुसार सुटते. चैत्रात डोह कधी भरून वाहतो, तर कधी पंपांनी उपसला जातो. त्यात शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी मिसळली, की कमी पाण्यातला मासा गुदमरून वर येतो. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता.

चढण मात्र धरणांच्या वरच्या अंगाला अजून होते. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला आणि तिथल्या पाण्यातल्या मासेमारीवर बंधने आली. बाहेरच्या ओढ्यांवर अशी बंधने नाहीत. जूनमध्ये तिथे सापडणारा जवळजवळ प्रत्येक मासा गाभोळीने भरलेला असतो, आणि बाजारात त्यालाच जास्त भाव मिळतो. म्हणून पहिल्या पावसात निदान काही दिवस सापळे लावू नयेत, असे निसर्गअभ्यासक सांगतात. वर्षातून एकदाच दारापर्यंत येणारा मासा सोडून द्यायला गावे अजून तयार नाहीत.